उत्तरेकडच्या वसंतासाठी काय ऐकावं

उत्तरेकडच्या देशांत वसंत आधी डोळ्यांना कळतो, अंगाला बऱ्याच उशिरा. मार्चअखेर ५२ अंश अक्षांशावर दिवस रोज साधारण ४ मिनिटांनी वाढतो, म्हणजे आठवड्याला जवळजवळ अर्ध्या तासाने. हवा मात्र चार-पाच अंशांवरच अडून बसलेली असते. ऊन लख्ख पडतं आणि फांद्या अजून काळ्याच असतात. अशा दिवसांवर सकाळी सकाळी ढणढणाटी नाचगाणी बसत नाहीत. इथे खालून सुरू होऊन हळूहळू उजेडात येणारं संगीत हवं.

हे चढणं ऐकायचं तर राग बहार. मध्यमावर ठाण मांडायचं, कोमल गंधाराला स्पर्श करायचा आणि मग ‘म ध नि सां’ अशी उसळी घ्यायची. दोन्ही निषाद हातात हात घालून येतात. चाल चंचल, म्हणून बहार मध्यलय किंवा द्रुत बंदिशीत जास्त खुलतो. बसंत रागाची तऱ्हा वेगळी. तो उत्तरांगप्रधान, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात जास्त रमणारा, असल्यामुळे गायक लवकरच तार षड्जाकडे (वरच्या ‘सा’कडे) जातो, जणू ऊन आधीच डोक्यावर आलंय. त्यात कोमल रिषभ-धैवतामुळे एक हुरहूर आहे, ती नवख्या कानाला उदास वाटू शकते. म्हणून आधी बहार, मग बसंत, मग दोहोंचा जोडराग बसंत-बहार असा क्रम ठेवा. शास्त्रीय ऐकायची सवय नसेल तर १९५६ च्या ‘बसंत बहार’ चित्रपटातल्या ‘केतकी गुलाब जूही’पासून सुरुवात करा. भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांचे दोन आवाज आहेत आणि चार-पाच मिनिटांत बसंताची ओळख होते.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात विवाल्डीचा ‘वसंत’ (१७२५ मध्ये प्रसिद्ध झालेला) सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो, बहुधा फोनच्या होल्डवर, आणि तोही पहिली वीस सेकंदं. पूर्ण दहा मिनिटं ऐका. पहिल्या भागात पक्षी येतात तेव्हा खालचे खर्जातले वाद्यस्वर थांबतात आणि फक्त तीन व्हायोलिनं उरतात. जमीन पायाखालून काढून घेतल्यासारखं हलकं वाटतं ते त्यामुळे. दुसऱ्या भागात मेंढपाळ झोपलाय, व्हायोलिनं पानांची सळसळ करतायत, आणि व्हायोला मात्र तेच दोन स्वर पुन्हा पुन्हा जोरात वाजवतो. तो राखणीच्या कुत्र्याचा आवाज आहे, तशी नोंद खुद्द स्वरलिपीतच आहे. एकदा कळल्यावर तो कुत्रा प्रत्येक वेळी ऐकू येतो.

पण एकच कृती सुचवायची झाली तर अमेरिकन संगीतकार आरन कोपलंडची ‘ॲपलाचियन स्प्रिंग’ (१९४४). कोपलंडनं ती मार्था ग्रॅहमच्या नृत्यासाठी लिहिली आणि नाव नंतर मिळालं, एका कवितेतून. त्या कवितेत ‘स्प्रिंग’चा अर्थ झरा असा आहे, वसंत नव्हे! तरीही सुरुवातीला क्लॅरिनेट अगदी हळू एकेक स्वर ठेवत जातो तेव्हा पहाटेशिवाय दुसरं काही आठवत नाही. मूळ रचना १३ वाद्यांची आहे. इअरफोनवर तीच घ्या, प्रत्येक वाद्य वेगळं कळतं. मोठ्या वाद्यवृंदाची आवृत्ती घरच्या स्पीकरसाठी. शेकर या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाची साधी धून बरीच पुढे येते. थेट तिथेच उडी मारली तर ती बालगीतासारखी वाटते. आधीची शांतता ऐकून तिथे पोहोचलात तर घसा दाटून येतो.

बीटल्सचं ‘हिअर कम्स द सन’ (१९६९) यादीत असायलाच हवं. जॉर्ज हॅरिसननं गिटारच्या सातव्या पट्टीवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावलाय, म्हणून तारा आखूड होऊन आवाज इतका स्वच्छ, किणकिणता येतो. मधल्या भागात मात्रा ११, ४, ७ अशा वळतात. टाळी धरून ऐकलंत तर हात चुकेल. तिथे नुसतं ऐका, सम आपोआप सापडते. निवांत रविवारसाठी मालीचे अली फार्का तूरे आणि तुमानी जाबाते यांचा ‘इन द हार्ट ऑफ द मून’ (२००५) लावा. एकवीस तारांचा कोरा आणि गिटार, घाई कसलीच नाही.

यादी नीट असूनही ऐकताना बिघडते ती बहुतेक सेटिंगमुळे. शफल बंद करा, नाहीतर विवाल्डीचा तिसरा भाग पहिल्याच्या आधी येईल. एक गाणं विरत असताना दुसरं वर आणणारी क्रॉसफेडची सोय शून्यावर ठेवा. शांत शेवट तीच खाते. आवाज समान करण्याची सोय मिश्र यादीला चालू ठेवा, म्हणजे कोऱ्यानंतर बीटल्स कानावर आदळणार नाहीत. पण तिथे ‘लाउड’ पर्याय निवडू नका, त्यात हळू आणि मोठ्यातलं अंतर दाबलं जाऊ शकतं. वाऱ्यात चालताना कोपलंडची सुरुवात ऐकूच येत नाही, मग माणूस आवाज वाढवतो आणि पाच मिनिटांनी दचकतो. बाहेर जाताना बहार किंवा बीटल्स, घरात खिडकीपाशी कोपलंड.

आणि ब्राझीलच्या जोबिमचं ‘आग्वास दे मार्सू’ म्हणजे ‘मार्चचं पाणी’. मार्च दिसला म्हणून बरेच जण ते वसंताच्या यादीत टाकतात, पण रिओत मार्च म्हणजे उन्हाळ्याचा शेवट आणि पाऊस. तरी ठेवाच. गायिका एलिस रेजिना आणि जोबिम यांचं १९७४ चं ध्वनिमुद्रण घ्या: काठी, दगड, काच अशा साध्या वस्तूंची नावं दोघं एकमेकांकडे फेकतात, आणि शेवटाकडे एलिसला हसू आवरत नाही.