वसंतातली रानफुलं ओळखायची तर आधी खाली बघा

रानफुलं म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात एकदम सप्टेंबर येतो, कास येतं, तेरडा येतो, सीतेची आसवं येतात, आणि ऑक्टोबर संपला की बहुतेक जण कॅमेरा कपाटात ठेवून देतात. मला हे खरंच खटकतं. कारण फेब्रुवारीच्या मध्यापासून ते एप्रिल संपेपर्यंत सह्याद्रीतल्या जंगलात जे काही फुलतं ते कुठल्याही पठाराच्या तोडीचं असतं, आणि बघायला कोणीही नसतं. "आता काय आहे तिकडे, सगळं वाळलेलं" असं म्हणणाऱ्या माणसाला मी हमखास मार्चमधल्या एखाद्या जंगलवाटेवर घेऊन जाते.

वाळलेलं असतंच, ते खोटं नाही. गवत पिवळं पडलेलं, ओढे कोरडे, वरच्या मातीत ओल नाही. म्हणूनच तर पावसाळ्यात पायाशी असलेली फुलं आता डोक्यावर गेलेली असतात, कारण या दिवसांत फुलायचं तर मुळं खोल हवीत आणि ती झाडांकडे असतात. त्यातली कितीतरी झाडं आधी पानं गाळून टाकतात आणि मग नुसत्या फांद्यांवर फुलतात, म्हणजे मध्ये पानांचा आडोसा नाही, पक्ष्यांना आणि मधमाश्यांना फुलं लांबून दिसतात.

पण आपली पंचाईत अशी की फूल चाळीस फुटांवर आणि आपण खाली. तर यावर उपाय सोपा आहे, मान वर करायच्या आधी वाट बघत चालायचं. वाटेवर पडलेलं फूल दिसलं की थांबायचं, ते उचलून नीट बघायचं, मग जवळचं खोड बघायचं, मग खाली पडलेलं वाळकं पान शोधायचं आणि सगळ्यात शेवटी वर बघायचं. रंग सगळ्यात शेवटी. रंगावरून ओळखायला गेलं की लाल दिसलं की पळस, पांढरं दिसलं की मोगऱ्यातलं काहीतरी, असं होऊन बसतं.

लाल-केशरीच घ्या. या दिवसांत पळस, पांगारा आणि काटेसावर तिन्ही एकदम फुललेले असतात, तिन्ही बिनपानांचे, आणि लांबून डोंगरउतारावर तिघांचेही लाल ठिपके. पळसाचं फूल हातात घेतलं की आधी त्याचा देठाकडचा भाग बघा, तिथे काळपट तपकिरी मखमली वाटी असते, बोट फिरवलं तर लव जाणवते. त्यातून केशरी पाकळ्या येतात, एक मागे वळलेली, दोन बाजूंना, आणि दोन एकत्र जुळून पोपटाच्या चोचीसारखी बाकदार झालेल्या. ही चोच नखाने अलगद उघडली की आत दहा पुंकेसर दिसतात, नऊ खाली एकमेकांना जोडलेले आणि एक सुटा. वाटाण्याच्या कुळातल्या खूप फुलांमध्ये ही नऊ अधिक एक अशी रचना असते, एकदा बघितली की पुढे कुठेही ओळखू येते. पाकळ्यांच्या बाहेरून पण रेशमी लव असते, तिरप्या उन्हात धरलं तर ती चांदीसारखी चमकते. मला वाटतं पळसाचे जेवढे फोटो निघतात ते सगळे लांबून अख्ख्या झाडाचे, एवढ्या जवळून फूल फार कमी लोक बघतात.

पांगाराही त्याच कुळातला, आणि "पळसाला पाने तीनच" आपण म्हणतो खरं पण पांगाऱ्यालाही पानं तीन-तीनच असतात, त्यामुळे नुसतं त्यावर जाऊ नका. पांगाऱ्याच्या फुलात एकच पाकळी मोठी आणि लांब, बाकीच्या अगदी छोट्या, म्हणून पुंकेसर झाकलेच जात नाहीत, सगळे बाहेर आलेले दिसतात. फुलाखालचा हिरवट-तपकिरी भाग एका बाजूने फाटलेला असतो. आणि फुलं फांदीच्या टोकाला दाट तुऱ्यात येतात, पळसासारखी फांदीभर पसरलेली नसतात. खोडावर फांद्यांवर बारीक काळे काटे दिसले की शंका उरतच नाही, पळसाला काटे नसतात.

काटेसावरीचं मग काय, ते फूल पडतानाच आवाज येतो. जाड मांसल पाच पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचे झुबके, आणि फूल अख्खंच्या अख्खं खाली येतं. कोवळ्या झाडाच्या खोडावर मोठे शंकूसारखे काटे असतात, जुन्या झाडाच्या बुंध्यावर मात्र ते झिजून गेलेले असतात, तर काटे नाहीत म्हणून सावर नाही असं ठरवू नका, वरच्या फांद्या बघा. सकाळी लवकर गेलात तर झाडाखाली अर्धवट खाल्लेली फुलं दिसतील, भेकर, चितळ, वानरं सगळ्यांना ती आवडतात. मी तर सावरीखाली फुलांपेक्षा पायाचे ठसेच जास्त शोधत बसते.

रंगावर विसंबू नका म्हणते त्याचं आणखी एक कारण. पळस पिवळाही असतो, क्वचित पण असतो. आणि असं झाड कुठे आहे हे कळलं की लोक त्याची साल, मुळं, फांद्या ओरबाडतात. म्हणून असं काही दिसलं तर फोटो टाका पण नेमकी जागा टाकू नका, कळकळीने सांगते.

पिवळ्यात गणेर बघाच. कोरड्या खडकाळ टेकडीवर, आजूबाजूला सगळं करपलेलं आणि मध्येच एका वाकड्यातिकड्या बुटक्या झाडावर मोठी झळझळीत पिवळी फुलं, पाच पाकळ्या आणि मध्ये भरपूर पुंकेसर. याला सोनसावर पण म्हणतात पण काटेसावरीचं आणि याचं कूळ वेगळं. बहाव्याशी गोंधळ व्हायचं कारण नाही, बहावा उशिरा येतो आणि त्याचे घोस खाली लोंबतात.

आता पांढरी फुलं, इथे खरी मजा आहे. मार्च-एप्रिलमध्ये वाटेवर गोड वास आला की सगळे म्हणतात जाई किंवा मोगरा असणार. बऱ्याचदा ती करवंद असते नाहीतर कुसर. दोन्हींची पानं समोरासमोर, दोन्हींची फुलं पांढरी, नळीवाली, सुगंधी, आणि दोन्ही एकाच जाळीत एकमेकांत गुंतलेली मिळतात. पाकळ्या मोजा. करवंदीला पाच, कुसरीला त्याहून जास्त, सहा-सात-आठ अशा, आणि बारीक लांबट. करवंदीला पानांच्या बेचक्यात जोडीने काटे असतात, कुसर बिनकाट्याची वेल. करवंदीचं पान तुटलं की पांढरा चीक येतो, कुसरीला चीक नाही. कुसर खरोखरच जाई-मोगऱ्याच्या गणातली, तिच्या फुलाची नळी उभी चिरली तर आत फक्त दोन पुंकेसर सापडतात. करवंदीत पाच. एवढं एकदा स्वतः करून बघा, मग वासावरून सुद्धा फरक कळायला लागतो. फक्त अभयारण्यात असाल तर पडलेल्या फुलांवरच भागवा, तिथे पान तोडणंही कायद्याने मना आहे.

चीक असलेलं आणखी एक पांढरं म्हणजे कुडा. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झालरीसारखे बारीक पांढरे तंतू असतात, पांढऱ्या कुड्याचं फूल आत साधं. शेंगा लागल्या असतील तर अजून सोपं, काळ्या कुड्याच्या दोन शेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात.

धायटी रस्त्याकडेच्या उतारावर कुठेही दिसते, तिचं लाल जे दिसतं ते पाकळ्या नाहीत, पाकळ्या एवढ्याशा असतात, लाल आहे ती बाहेरची नळी. ती टिकते म्हणून झुडूप कितीतरी दिवस फुललेलं वाटतं.

आणि अंजनी! भीमाशंकर, महाबळेश्वर, माथेरानच्या सदाहरित रानात सावलीत चालताना जुन्या राखाडी फांद्यांना थेट चिकटलेले निळे-जांभळे गुच्छ दिसले की ती अंजनी. पान जाड, गडद, मधली शीर सोडली तर दुसरी शीर दिसतच नाही. चार पाकळ्या, आठ पुंकेसर, आणि निळा असा की मोबाईलमध्ये कधीच तसा येत नाही. तिथेच वर फांद्यांवर डेंड्रोबियम बार्बाट्युलम नावाचं ऑर्किड शोधा, पानं गळलेली, फुगीर खोडं आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा तुरा.

फोटोबद्दल एवढंच की नुसता फुलाचा क्लोजअप काढून आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून झाडं-प्राणी ओळखायला मदत करणाऱ्या ॲपवर) टाकला तर ॲपही चाचपडतं आणि तिथली जाणकार मंडळीही. फूल समोरून, फूल बाजूने म्हणजे खालची वाटी दिसेल असं, पान वरून आणि मागून, साल, आणि अख्खं झाड. वर पोचत नसेल कॅमेरा तर पडलेलं फूल दगडावर ठेवून काढा, चालतं, फक्त ते कुठल्या झाडाचं आहे याची खात्री करा, कारण वाऱ्याने शेजारच्या झाडाची फुलं येतात.

एवढं सगळं वरचं झालं, पण एक फूल मात्र थेट जमिनीतून येतं, भुईचाफा. एप्रिल-मे मध्ये, पानाचा पत्ता नाही, दांडा नाही, वाळक्या पाचोळ्यातून पांढरं-जांभळं सुगंधी फूल सरळ वर. पानं नंतर येतात. हळदीच्या कुळातला आहे, खाली कंद असतो, आणि त्या कंदापायीच लोक तो उकरतात. दिसला तर पाचोळा थोडा बाजूला करा, फोटो काढा आणि पाचोळा परत तसाच सारून ठेवा.