वरचं इलॅस्टिक

पहिला दिवस, रात्र

कोविड वॉर्डात मास्कचं इलॅस्टिक तुटलं तेव्हा माझ्या डाव्या हातात लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात वाट दाखवणारं पातं होतं, आणि उजव्या हातात रुग्णाच्या श्वासनलिकेत घालायची ट्यूब. एन-९५ मास्कला दोन पट्टे असतात. वरचा गेला की खालचा एकटा मास्क नाकावर घट्ट धरून ठेवू शकत नाही. नाकाच्या दांडीवरचा तो रोजचा काच एकदम सैल झाला. एरवी त्याच काचाला मी दिवसभर शिव्या घालते. मी श्वास रोखला.

ट्यूब स्वरतंतूंमधून आत सरकली, सिस्टरांनी ट्यूबभोवतीचा छोटा फुगा, कफ, फुगवला, व्हेंटिलेटरचं सर्किट जोडलं, मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची लाट उमटली, म्हणजे ट्यूब बरोबर बसली. मग मी दाराकडे निघाले. या सगळ्याला वीस सेकंद लागले की चाळीस, देव जाणे. मधेच कुठेतरी मी श्वास घेतला. दाराच्या आत घेतला की बाहेर, ते आठवत नाही. संध्याकाळपासून तेवढंच आठवायचा प्रयत्न चाललाय.

किट उतरवताना सिस्टर एकेक पायरी मोठ्याने वाचत होत्या. ग्लोव्हज, हात चोळा, गाऊन आतून बाहेर गुंडाळा, हात चोळा. अंगावर चढवताना कुणी फारसं चुकत नाही, चूक होते ती उतरवताना. अंग थकलेलं असतं आणि काम संपलं असं वाटत असतं. आज मात्र मी शाळेतल्या मुलीसारखी एकेक शब्द ऐकत होते.

नंतर संसर्गाची शक्यता नोंदवायचा फॉर्म भरला. वेळ, कालावधी, कोणती प्रक्रिया, रुग्णापासूनचं अंतर. अंतराच्या रकान्यात 'एक फुटाहून कमी' लिहिलं. भूल देणाऱ्यांचं कामच तसं, रुग्णाच्या तोंडाशी तोंड नेऊन. भरण्याआधी फॉर्म दहा मिनिटं नुसता समोर ठेवून बसले होते, हेही लिहून ठेवते. मी बाहेर पडले की माझ्या ड्युट्या उरलेल्या तिघांवर पडणार, आणि त्यातली एक गेल्याच आठवड्यात क्वारंटाइन संपवून आली आहे.

आता क्वार्टर्समधल्या शेवटच्या खोलीत आहे. चौदा दिवस. घरी फोन करून सांगितलं, 'काळजी म्हणून ठेवलंय, काही झालेलं नाही.' नातेवाइकांशी बोलताना वापरते तोच आवाज. आईने तो ओळखला असावा. ती काहीच बोलली नाही.

दुसरा दिवस

अकरा तास झोपले.

तिसरा दिवस

आज स्वॅब दिला तर निगेटिव्ह येईल आणि त्या निगेटिव्हला काडीचाही अर्थ नसेल. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच दिवस, क्वचित चौदा. हे गणित मी शेकडो लोकांना समजावलंय. स्वतःला समजावताना मधेच हातचा विसरतो.

सकाळी उठल्या उठल्या साबणाचा वास घेते. आला की तो खरंच आला की आठवणीतला होता, म्हणून पुन्हा घेते. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, ९७ दाखवतो. दुपारी ९६ आला आणि पायातलं बळ गेलं. हाच आकडा रुग्णाच्या बोटावर दिसला असता तर 'छान आहे' म्हणून पुढच्या खाटेकडे गेले असते. बोट चोळून गरम केलं. ९८. मग रागच आला स्वतःचा.

मरणाची भीती म्हणावी तर ती फार नाही. असेलही, पण ती तळाशी आहे, रोज वर येत नाही. वर येतो तो एकच प्रसंग. त्या दिवशी ड्युटीवर जाण्याआधी मी मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले होते. तेव्हा काहीच झालेलं नव्हतं, ट्यूब टाकली ती दुपारी. हे कळतं, तरी हात तिथेच जातो. पण आदल्या दिवशीचं काय? त्याच्या आदल्या आठवड्याचं?

आज कार्लो उर्बानींची आठवण झाली. जागतिक आरोग्य संघटनेचे इटालियन डॉक्टर. २००३ मध्ये हनोईत सार्स या श्वसनाच्या जीवघेण्या साथीचा धोका पहिल्यांदा ओळखला तो त्यांनी. ११ मार्चला बँकॉकच्या विमानात त्यांना ताप भरला. विमानतळावर न्यायला आलेल्या सहकाऱ्याला त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत दोघं अंतर ठेवून बसून राहिले. २९ मार्चला ते सार्सनेच गेले. बरोबर सतरा वर्षांनी, ११ मार्च २०२० ला, कोविडला महासाथ म्हटलं गेलं. तारखांच्या योगायोगात मी पडत नाही. पण त्या दोघांमधलं ते अंतर मला दिसतं. जो माणूस दुसऱ्याला दूर ठेवतो, त्याच्या मनात त्या वेळी काय चालतं, ते आता थोडंफार कळतंय.

पाचवा दिवस

जे लिहायचं टाळत होते ते आज लिहिते.

फॉर्मवर सही झाली आणि मला हायसं वाटलं. चौदा दिवस किट नाही. चौदा दिवस कुणाच्या मुलाला फोन करून 'प्रयत्न चालू आहेत' म्हणायचं नाही. चौदा दिवस एका मशीनसाठी दोन माणसांची नावं समोर ठेवून बसायचं नाही. काल रात्री तर त्याहून पुढचा विचार आला. सौम्यसा झालाच तर बरं, म्हणजे अजून काही दिवस मिळतील.

ही मी. जिच्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

योद्धा, देवदूत हे शब्द ज्यांनी काढले त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण योद्ध्याला 'मला उद्या जायचं नाही' म्हणता येत नाही. आणि देवदूताला पगारी रजा कशाला लागते? त्या शब्दांनी आमची भीती गेली नाही, ती लपवायला एक आणखी जागा तेवढी मिळाली. मला योद्धा म्हणू नका, पट्टे न तुटणारे मास्क द्या. (हे वाक्य मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं, वहीत नाही.)

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार रितं होऊन जाण्याची, व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलं. वाचलं तेव्हा ही शब्दांची कसरत वाटली होती. आता वाटतं, बरं केलं. बिघाड कुठे शोधायचा ते तरी कळतं. आमच्यात मात्र अजून बिघाड माणसातच शोधतात. परवान्याच्या अर्जात 'मानसिक आजारासाठी उपचार घेतलेत का' असा प्रश्न विचारणारी ठिकाणं जगात आहेत. तिथला डॉक्टर कोणाकडे जाईल? न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन आपत्कालीन विभाग सांभाळत होत्या. स्वतःला कोविड झाला, बऱ्या होऊन कामावर परतल्या, आणि एप्रिलमध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांची बातमी मी फोनवर तीनदा उघडली आणि तीनदा अर्ध्यावर बंद केली.

सहावा दिवस

स्वॅब दिला. नाकात काडी जाताना डोळ्यांत पाणी येतंच, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

सातवा दिवस

निगेटिव्ह.

आईला सांगितलं, घरच्यांना सांगितलं. मग सिस्टरांचा फोन आला. त्यांना 'निगेटिव्ह आला' म्हटलं आणि पुढे, का कोण जाणे, म्हणाले, 'सिस्टर, मला परत यायची भीती वाटते.'

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'मॅडम, मी रोज आत जाण्याआधी बाथरूममध्ये जाऊन उलटी करते. एप्रिलपासून.'

चार महिने ही बाई माझ्या शेजारी उभी राहून ट्यूबचा कफ फुगवते आहे. मी तिला कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दुसऱ्याची छाती ऐकायला शिकलेली आम्ही दोघी. बराच वेळ फोनवर होतो. बोललो मात्र फार कमी.

पंधरावा दिवस

परत रुजू. मास्क चढवला, दोन्ही पट्टे ताणून पाहिले, तळहात लावून सील तपासलं, पुन्हा तपासलं. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा सिस्टर पाहत होत्या. हसल्या नाहीत. त्यांनी पाठीमागून माझे पट्टे एकदा स्वतः ओढून बघितले आणि दार उघडलं.

पहिलीच केस. साठीचे गृहस्थ, दमून गेलेले. 'झोपेचं औषध देते हं काका, मी इथेच आहे,' म्हटलं. डोळे मिटले, मान मागे घेतली, पातं आत गेलं, स्वरतंतू स्वच्छ दिसले. ट्यूब सरकवली. कफ फुगला, सर्किट जोडलं, लाट आली. पट्टे जागेवर होते, नाकावरचा काच जागेवर होता.

'मॅडम,' सिस्टर शेजारून हळूच म्हणाल्या, 'श्वास घ्या.'