उएनोचे चारशे तेरा चेंडू

आमच्या शाळेत सॉफ्टबॉल आला तो दहावीच्या जादा गुणांमुळे, हे उघड गुपित आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढल्या की खेळाचे गुण मिळतात आणि या खेळाला आमच्या भागात संघ कमी, असा पी.टी.च्या सरांचा सरळ हिशेब. ग्लोव्ह सगळ्या मुलींना पुरायचे नाहीत. बॅटिंगला जाणारी मुलगी आपला ग्लोव्ह विरुद्ध संघातल्या मैत्रिणीला देऊन जायची. गल्लीत कुणी विचारलं तर "बेसबॉलसारखंच, पण चेंडू मोठा" एवढं सांगून आम्ही सुटका करून घ्यायचो.

मी पिचर होते, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारी. म्हणून २००८ च्या ऑगस्टमध्ये, मी नववीत असताना, सरांनी वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी कापून माझ्या वहीत ठेवली. बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानने अमेरिकेला ३-१ असं हरवून सुवर्णपदक जिंकलं होतं. पिचर युकिको उएनो. अमेरिकेने त्याआधीची तिन्ही ऑलिंपिक सुवर्णं नेली होती, हे सरांनी तोंडी सांगितलं.

पूर्ण गोष्ट मला खूप नंतर समजली. २० ऑगस्टला सकाळी उएनोने अमेरिकेविरुद्ध नऊ इनिंग टाकल्या आणि जपान ४-१ हरला. पण तेव्हाच्या बाद फेरीत वरच्या दोन संघांतल्या हरणाऱ्याला आणखी एक संधी असे. त्यामुळे त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाशी सामना, तोही बारा इनिंग लांबला. जपान ४-३ जिंकला. एका दिवसात ३१८ चेंडू! दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात आणखी ९५. दोन दिवसांचे मिळून ४१३, आणि तिन्ही सामन्यांत जपानकडून दुसऱ्या कुणी एक चेंडू टाकला नाही. सॉफ्टबॉलचा सामना मुळात सात इनिंगचा असतो, हे इथल्या क्रिकेटवाल्या मंडळींसाठी सांगते.

पिचरचं काम दिसतं तेवढं हलकं नाही. क्रिकेटची खेळपट्टी वीस मीटरची, आमचं अंतर १३.११ मीटर. हात खालून, पण खांद्यातून पूर्ण गोल फिरवून चेंडू सोडायचा. उएनोचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे बॅटरला विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. मी सरावात जरा जास्त चेंडू टाकले की दुसऱ्या दिवशी वेणी घालायला आईला हाक मारायचे.

तिच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग मात्र शाळेतला आहे. ती फुकुओकाची, जन्म १९८२ चा. १९९९ मध्ये, शाळकरी वयातच, तिने जपानला कनिष्ठ गटाचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. आणि मग शाळेतच पी.टी.च्या तासाला उंच उडी मारताना पडून तिच्या कमरेच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. सिडनी ऑलिंपिक हुकलं. मैदानावर नाही, पी.टी.च्या तासाला! हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "गादी नीट लावली नसेल."

शाळा संपल्यावर ती ताकासाकी गावच्या कंपनीच्या संघात गेली. तिकडे मोठ्या कंपन्या संघ पाळतात. तिच्या संघाचं नाव मालकांबरोबर बदलत गेलं, ती तिथेच राहिली. तिथे तिला रेइका उत्सुगी भेटल्या, चीनमध्ये जन्मून जपानच्या झालेल्या. पुढे त्याच राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक झाल्या. २००४ च्या अथेन्समध्ये उएनोने चीनविरुद्ध परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या एकाही बॅटरला पहिल्या बेसवर पोहोचू दिलं नाही. ऑलिंपिकमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं.

लोक ४१३ चेंडूंबद्दल लिहितात. मला त्यानंतरची वर्षं मोठी वाटतात. २००५ मध्येच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सिंगापूरच्या बैठकीत ठरलं होतं की २०१२ पासून ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल नाही. म्हणजे बीजिंगचं सुवर्ण घेतलं आणि दार बंद. पुढे ती कंपनीच्या संघाकडून खेळत राहिली, २०१२ आणि २०१४ मध्ये जपान जगज्जेता झाला, पण आमच्या वर्तमानपत्रात त्याची चार ओळींचीही बातमी आली नाही. २०१९ मध्ये बॅटवरून सुटलेला चेंडू तोंडावर बसून तिचा जबडा मोडला. तेव्हा ती छत्तिशीत होती.

आणि तरी, टोकियो ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत आला तेव्हा, अंतिम सामन्यात २७ जुलै २०२१ ला योकोहामात, रिकाम्या स्टेडियममध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा अमेरिकेसमोर उभी होती. हा सामना मी ऑफिसमधून येताना मोबाइलवर जमेल तसा पाहिला. सहाव्या इनिंगमध्ये तिला विश्रांती देऊन मिऊ गोतो हिला आणलं. तेवढ्यात अमेरिकेचा एक सणसणीत फटका थर्ड बेसवालीच्या हातावर आदळून उडाला आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षक) माना आत्सुमीने तो हवेतच झेलून डबल प्ले केला, म्हणजे एकाच फटक्यावर दोघी बाद. मी डब्यात ओरडले. सातव्या इनिंगला उएनो परत आली (सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येता येतं, आमच्या कित्येक पंचांना हा नियम समजावून सांगावा लागायचा) आणि २-० ने सामना संपवला. पहिल्यांदा फोन सरांना केला. ते निवृत्त होऊन शेतावर असतात, रेंज नव्हती.

आपल्या शाळेचा मुलींचा संघ अजून आहे, हे शाळेच्या या महोत्सवाच्या निमित्ताने समजलं. पॅरिसमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा वगळला होता, पण २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे आणि सामने ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. नव्या सभागृहात प्रोजेक्टर बसवला आहे असं ऐकते. मुख्याध्यापक बाईंना विनंती, की त्या आठवड्यात सभागृहाची किल्ली पी.टी.च्या बाईंकडे राहू द्यावी. चहाचा खर्च आमच्या २०१० च्या दहावीच्या बॅचकडे.