वंशावळ अपडेट : ५ आणे ४ पैचं कोडं सुटलं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. जुन्या फेरफारांच्या (जमिनीच्या हक्कात बदल झाला की होणाऱ्या नोंदींच्या) नकला अखेर हातात पडल्या (किती खेटे घातले ते विचारू नका) आणि पणजोबांच्या पिढीचा गुंता बऱ्यापैकी सुटलाय. गाव सातारा जिल्ह्यातलं, नोंदी १९२० नंतरच्या, आणि तलाठ्याचं अक्षर असं की मुंगी शाईत बुडून कागदावरून गेलीय.

पणजोबांच्या नावापुढे लिहिलंय ५ आणे ४ पै. हे पैसे नाहीत, हिस्सा आहे. अख्खी जमीन म्हणजे १६ आणे, आण्याचे १२ पै, म्हणजे एकूण १९२ पै, त्यातले ६४ यांचे, बरोब्बर एक तृतीयांश. आता आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलोय की ते दोघेच भाऊ, मग तिसरा हिस्सा कुणाचा? त्याच फेरफारात खाली एक नाव आहे, त्यापुढे 'अ.पा.क. आई' आणि मग बाईचं नाव 'कोम' अमुक. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, पोरगा सज्ञान नाही म्हणून आई त्याच्या वतीने. कोम म्हणजे अमक्याची बायको, जसं बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. आणि हा 'अमुक' पणजोबांचा सख्खा भाऊ निघाला, पोरगा लहान असतानाच वारलेला! आत्याला फोन केला तर म्हणते, "अरे म्हणजे गिरगावची आजी! लग्नकार्याला यायची की आपल्याकडे." इतकी वर्षं हे कुणी बोललं का, तर नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

अजून एक, ए.कु.मॅ. हे दिसलं की जरा थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर. कुठे ए.कु.पु. (पुढारी) असतं तर कुठे ए.कु.क. (कर्ता), मामला तोच. नाव एकाचंच लागतं पण जमीन सगळ्यांची, त्यामुळे बाकीचे भाऊ नव्हतेच असं धरून त्यांना वंशावळीतून उडवू नका. पुढचा वाटपाचा फेरफार शोधा, तिथे सगळे भाऊ हजर होतात, भांडणासकट.

आता मोडीचा कागद. काकांच्या ट्रंकेत होता, इनामाच्या वादाचा दिसतोय, अर्धा वाळवीने खाल्लाय पण तारखेची ओळ शाबूत आहे. 'छ ११ सफर', आणि वर्ष 'सीत सबैन मया व अलफ'. छ म्हणजे चंद्र, हिजरी महिन्याची तारीख. वर्ष मात्र शुहूर सनाचं (जुन्या मराठी कागदांत चालायची ती कालगणना), अरबी आकड्यांत, आणि एकं आधी येतं. सीत ६, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, झाले ११७६. (सबा ७ आणि सबैन ७०, घाईत इथेच पाय घसरतो, मोडीत तर शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत.) ५९९ मिळवले की इसवी सन १७७५, पण एवढ्यावर खूष होऊन लिहून टाकू नका, कारण शुहूर सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो आणि जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. त्या वर्षीचा सफर महिना मार्च-एप्रिलमध्ये पडतो, म्हणजे कागद १७७६ चा. ताळा करायचा तर पानिपत घ्या, जानेवारी १७६१, शुहूर ११६१. सरळ ६०० चा फरक.

त्याच कागदात जमीन 'बिघे' आणि 'पांड' मध्ये आहे, २० पांडांचा १ बिघा, १२० बिघ्यांचा १ चाहूर. पण हा बिघा आजच्या एकरात बसवायच्या भानगडीत मी पडलो नाही, मोजणीच्या काठीची लांबी गावागणिक बदलायची.

सध्या गाव नमुना १४ च्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्यांच्या मागे आहे, गिरगावच्या आजीच्या पोराचं पुढे काय झालं ते बघायला. तो गावाबाहेर वारला असेल तर नोंद तिथे मिळायची नाही, म्हणून त्याच्या हिश्श्याचा पुढचा फेरफार पण मागवलाय. सातारा भागातल्या कुणी असे हिस्से पुढे मुंबईपर्यंत ट्रॅक केले असतील तर सांगा, विशेषतः खाडाखोड केलेल्या नावाखालचा फेरफार नंबर कसा वाचलात ते.