एक्सलवर भरलेली कांडी

अण्णांचा फोन शनिवारी रात्री आला. "मिस्त्री, तुमी बसवलेला बूट फाटला बगा. चाकाच्या आतून सगळं काळं ग्रीस उडालंय." सोमवारी गाडी गॅरेजला लावा, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "न्हाई. उद्या घरी या आन् माझ्यासमोर करा."

आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. गुढीपाडव्याच्या आधी त्याच गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाचा बाहेरचा एक्सल बूट मीच बदलला होता. त्याला जेमतेम दीड महिना झाला होता. अठरा वर्षं हे काम करतोय. माझ्या हातचा बूट इतक्या लवकर गेला असं कधी झालं नव्हतं.

ज्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट चाकाला फिरवतो, आणि तेच चाक स्टिअरिंगबरोबर वळतंही. वळलेल्या चाकाला झटके न देता सारख्या गतीने फिरवायचं काम बाहेरचा सीव्ही जॉइंट करतो. आत सहा पोलादी गोळ्या, त्यांना धरणारी जाळी, आणि गोळ्या फिरायला कोरलेल्या खाचा. आल्फ्रेड रझेपा नावाच्या माणसाने १९२६ साली ही रचना काढली आणि आजही जवळपास प्रत्येक छोट्या गाडीत तीच आहे. या जॉइंटवर रबराची घड्याघड्यांची टोपी असते, तोच बूट. आतलं ग्रीस बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरची धूळ आत येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. तो फाटला की ग्रीस उडून जातं, माती आत शिरते, आणि थोड्या दिवसांत वळणावर कट्‌ कट्‌ आवाज सुरू होतो. आवाज आला म्हणजे जॉइंट झिजला. मग नुसता बूट बदलून भागत नाही.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. बसवताना रबराला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं का? पट्टी आवळताना तिची कड रबरात रुतली का? बूट पिळलेला राहिला का? की आत हवा कोंडली होती? प्रत्येक शंकेपाशी मी तो दिवस आठवत होतो, आणि प्रत्येक वेळी हात बरोबरच चालले होते असं वाटत होतं. पण आपल्या आठवणीवर आपणच शिक्का मारून काय उपयोग?

मे महिन्यात सोलापुरात दहानंतर गाडीखाली झोपणं म्हणजे तव्यावर झोपणं, म्हणून साडेसहालाच पूर्व भागात पोचलो. अण्णांचं घर कन्ना चौकापासून आत, एका बोळात. पुढे राहायच्या दोन खोल्या, मागे टॉवेलचे चार माग, आणि मधल्या अरुंद अंगणात गाडी. गाडीची डावी बाजू कारखान्याच्या भिंतीला जवळजवळ चिकटलेली. त्या दिवशी माग बंद होते. अण्णांनी खुर्ची आणून समोर टाकली आणि बसले. त्यांची आई, अक्का, ओट्यावर पान कुटत होत्या.

अंगणात शहाबादी फरशी असली तरी एक-दोन ठिकाणी खालून पोकळ वाजत होती. गाडी थोडी पुढे घेतली, जॅकखाली जाड फळी दिली. अण्णांच्या मुलाला ब्रेक दाबून बसवलं आणि गाडी जमिनीवर असतानाच हबचा, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या भागाचा, मोठा नट ढिला केला. हा नट फार घट्ट असतो, गाडी उचलल्यावर त्याच्याशी झटापट करायची नसते. मग गाडी उचलली, स्टँड लावला, काढलेलं चाकही आडवं करून खाली सरकवून ठेवलं. जॅकच्या भरवशावर मी कधीच गाडीखाली हात घालत नाही, कुणी घालूही नये.

आत बॅटरी मारली. रिमच्या आतून, लोअर आर्मवर, ब्रेकच्या पाइपवर काळ्या ग्रीसचे फराटे. बूट शाफ्टकडच्या लहान तोंडाजवळ, पहिल्याच घडीच्या तळाशी अर्धा गोल चिरला होता. पट्टी जागच्या जागी होती. कड कुठे रुतलेली नव्हती. घडीत मळाची एक जाड वळी बसली होती, ग्रीस आणि धुळीने काळी झालेली. मी सवयीने चिंधी घेऊन ती पुसायला गेलो.

"थांब," अक्का म्हणाल्या. त्या कधी ओट्यावरून उतरून माझ्या मागे येऊन वाकल्या ते कळलंच नाही. "पुसू नको रे. ते काय हाय, दाखव."

मी नखाने वळी उचकटली. टोक सुटलं आणि ओढत गेलो तसं ते येतच राहिलं. धागा होता. अक्कांनी तो हातात घेतला, पदराने पुसला, उजेडात धरला. काळ्याखालून हिरवा रंग निघाला. मग त्या अण्णांकडे वळून तेलुगूत काहीतरी बोलल्या, आणि मला मराठीत म्हणाल्या, "ही तर कांडी भरलीय की."

सोलापूरकराला कांडी सांगायला नको. बाण्याचं, म्हणजे विणताना आडवं जाणारं, सूत ज्यावर गुंडाळतात ती. अक्कांनी लहानपणापासून कांड्या भरल्या होत्या. त्यांना त्या शाफ्टमध्ये जे दिसलं ते मला अठरा वर्षांत दिसलं नव्हतं. फिरता दांडा आहे, त्याला धाग्याचं टोक चिकटलं, मग तो गुंडाळतच जाणार. या मापाचं चाक एका किलोमीटरमध्ये सहाशेच्या आसपास फेरे घेतं. त्यात बूटाला थोडं ग्रीस लागलेलं असलं तर टोक धरायला आणखी सोपं. धागा शाफ्टवरून सरकत पहिल्या घडीत शिरला आणि तिथेच दाट होत गेला. चाक वळलं की बूटाच्या घड्या एका बाजूला मिटतात, दुसऱ्या बाजूला ताणल्या जातात, दर फेऱ्याला. जी घडी धाग्याने जखडली होती तिला मिटताही येईना, उघडताही येईना. रबर तळातून फाटलं.

भिंतीच्या कडेला पाहिलं, तर डावं चाक जिथे उभं राहतं तिथेच मागांतून झाडून काढलेल्या सुताच्या जाळ्यांचा ढीग. गाडी रोज त्याच्यावरून जात-येत होती.

अण्णा खुर्चीवरून उठले. "हिरवं सूत आमी अक्षय तृतीयेनंतर लावलंय," ते हळूच म्हणाले. म्हणजे मी बूट बसवला त्यानंतर. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण मला मोकळं वाटलं नाही, कारण मला पाडवा आठवला. तेव्हाच्या फाटक्या बूटावरही अशीच वळी होती. मी ती मळ म्हणून पुसली, बूट जुना आहे म्हणालो आणि टाकून दिला. तेव्हा एक नख लावलं असतं तर ढीग तेव्हाच हलला असता. हे मी अण्णांना तिथेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, आत जाऊन मुलाला चहा ठेवायला सांगितला.

आता खरा प्रश्न जॉइंटचा होता. बॉल जॉइंट सोडवून नकल, म्हणजे हबला धरणारं लोखंड, बाहेर ओढलं, गिअरबॉक्सखाली तसराळं ठेवलं, पहारीच्या टोकाने शाफ्ट आतून सोडवला. ऑइल सीलच्या ओठाला शाफ्टचे दाते लागू नयेत म्हणून सरळ धरूनच बाहेर घ्यावा लागतो. या गाडीत बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून ठोकून उतरवायच्या भानगडीत मी पडत नाही. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सकडे, आतला जॉइंट असतो; त्याच्या तीन रोलरच्या ट्रायपॉडवर आणि शाफ्टवर खुणा केल्या, लॉक काढून तो उतरवला आणि दोन्ही बूट त्या बाजूने काढले. वेळ जास्त लागतो, पण बाहेरच्या जॉइंटला हातोडा लागत नाही.

उरलेलं ग्रीस दोन बोटांत चोळून पाहिलं. कचकच लागली नाही. तरी रॉकेलने जॉइंट तीनदा धुतला, वाळवला, एकेक गोळी वर आणून खाचांवर नख फिरवलं. खड्डा नाही, ओरखडा नाही. अण्णांना दुसऱ्या एका ठिकाणी अख्खा एक्सल बदला म्हणून सांगितलं होतं, आणि त्याच चिंतेत ते होते. मी जॉइंट त्यांच्या हातात दिला, चारी बाजूंनी फिरवून पाहा म्हणालो. ते बराच वेळ फिरवत बसले.

नवा बूट, नव्या पट्ट्या. किटमधलं मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस पाकीटभर: निम्मं गोळ्यांमध्ये बोटाने दाबून, निम्मं बूटात. तिथे दुसरं ग्रीस चालत नाही. पट्टी आवळण्याआधी बूटाचं तोंड जरा उचलून हवा काढली. आतल्या जॉइंटलाही ताजं ग्रीस, नवं लॉक. शाफ्ट गिअरबॉक्समध्ये बसला की टक्‌ असा आवाज येतो, तरी मी ओढून खात्री करतो. हबचा नट नवा, टॉर्क रेंचने आवळून त्याची कड खाचेत ठोकली. सांडलं तेवढं गिअर ऑइल भरलं.

साडेदहा वाजले होते. अक्कलकोट रोडला एका मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे तोडून गोल चकरा मारल्या, काचा खाली करून. आवाज नव्हता. परत आलो तोवर अण्णांच्या मुलाने ढीग मागच्या दाराशी पोत्यात भरून ठेवला होता आणि अक्का अंगण झाडत होत्या. मी किटचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. अण्णांनी आग्रह केला. मी नाही म्हणालो आणि तेही थांबले. निघताना अक्कांनी कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचं पुडकं हातात दिलं, त्याला नाही म्हणता आलं नाही.

पंधरा दिवसांनी त्या बोळातून जाताना थांबलो, चाक पूर्ण वळवून घेतलं आणि बूटाच्या प्रत्येक घडीतून बोट फिरवलं. हाताला कोरडी धूळ लागली.