आंबेनळी घाटाचा स्तंभ : हिरवा कुठे संपवायचा?

स्तंभाचा, म्हणजे खडकांच्या थरांच्या उभ्या आलेखाचा, खालचा भाग अखेर शाईने पक्का केला. पोलादपूरकडून महाबळेश्वरला चढताना आंबेनळी घाटात जे लाव्हाचे थर दिसतात, ते ग्राफ पेपरवर उतरवायचं काम सुरू आहे. प्रमाण १ सेंमी = १० मीटर. साधारण १२०० मीटरचा चढ, म्हणजे कागद सव्वा मीटरच्या आसपास. थर जवळजवळ आडवे असल्याने उंचीतला फरक हीच जाडी धरली तरी चालतं. हिमालयातल्या मुडपलेल्या थरांवर हेच काम करणाऱ्यांची मला खरोखर दया येते.

या हंगामात मुख्य भर लाल थरांवर, म्हणजे रेड बोलवर होता. लाव्हाचा एकेक प्रवाह ओळखणं तसं सोपं: तळाशी घट्ट काळा कातळ, वर जाता जाता फुग्यांच्या पोकळ्या वाढत जातात आणि त्यांत झिओलाइट नावाची पांढरी खनिजं बसलेली. दोन प्रवाहांच्या मधे कुठेकुठे विटकरी मातीचा पट्टा. भिंग घेऊन बसलात तर त्याच्या दोन कडा वेगळ्या दिसतील. खालची कड संपता संपत नाही, मातीत बसाल्टचे गोलसर कुजके गोळे राहिलेले असतात आणि हळूहळू खडक सुरू होतो. वरची कड मात्र सुरीने कापल्यासारखी, कारण नंतरचा लाव्हा थेट त्या मातीवर येऊन पसरला. हातोडी घाटात नेत नाही. दरडी काय कमी आहेत? फोटो, मोजपट्टी आणि अल्टिमीटर यांवर भागतं.

फॉर्मेशनच्या, म्हणजे सारख्या रसायनाच्या प्रवाहांच्या गटांच्या, सीमा मात्र घाटात उभं राहून दिसत नाहीत. पोलादपूर, त्यावर आंबेनळी, सगळ्यात वर महाबळेश्वर. डोळ्यांना तिन्ही काळेच. १९८५ साली कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ या भूवैज्ञानिकांनी महाबळेश्वर परिसरातल्या खडकांच्या रसायनावरून ही विभागणी मांडली. पोलादपूरच्या लाव्हात भूकवचातल्या खडकांची भेसळ बरीच, आंबेनळीत अगदी कमी, आणि हे सगळं टायटेनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणांत उमटतं. एरवी जगभर थर जोडतात ते जीवाश्मांवरून. लाव्हात जीवाश्म कुठले! त्यामुळे या सीमा मी प्रकाशित छेदांवरून घेतल्या आहेत आणि पेन्सिलीतच ठेवल्या आहेत.

आता खरी गंमत. शेजारी दुसरा स्तंभ सुरू केला आहे, काळाचा. प्रमाण १ सेंमी = १० हजार वर्षं. या लाव्हांचा मोठा भाग सी२९आर नावाच्या उलट्या चुंबकीय कालखंडात (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आजच्या उलट होतं तेव्हा) पडतो, साधारण ६ कोटी ६४ लाख ते ६ कोटी ५७ लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे सात लाख वर्षं, ७० सेंमी. (याच प्रमाणात पृथ्वीचं सगळं वय काढायचं तर साडेचार किलोमीटर कागद लागेल. आपण ज्यात जगतोय तो भूशास्त्रीय कालखंड, मेघालयन, ४२०० वर्षांचा, जेमतेम ४ मिलिमीटर.)

दोन्ही स्तंभ शेजारी ठेवल्यावर डोकं गरगरतं. एखादा जाड प्रवाह पसरून थिजायला काही दशकं लागली असं धरलं, तरी काळाच्या स्तंभात तो पेन्सिलीच्या रेघेतच मावतो, कारण अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजेच ५०० वर्षं. उलट खडक कुजून माती व्हायला फार वेळ लागतो, म्हणून हातभर जाडीच्या लाल मातीला कितीतरी जास्त जागा द्यावी लागते. घाटातला बहुतेक काळ खडकात नाही, खडकांच्या फटींत आहे. पहिल्या स्तंभात मी बोल बारीक लाल रेघेने दाखवले होते; दुसऱ्यात ते सगळीकडे पसरलेत.

वय काढणारेही तिथेच खोदतात. काही बोलमध्ये ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक सापडतात. झिरकॉन बनताना स्फटिकात युरेनियम शिरतं, शिसं जवळपास शिरतच नाही. म्हणजे आज आत जे शिसं मिळतं ते नंतर युरेनियम क्षय पावून तयार झालेलं. युरेनियम-२३८ चं अर्धआयुष्य ४४७ कोटी वर्षं, २३५ चं सुमारे ७० कोटी, त्यामुळे एकाच कणात दोन घड्याळं आणि एकाने दुसऱ्याची तपासणी. दुसरी पद्धत लाव्हातल्याच प्लॅजिओक्लेज या खनिजावर आर्गॉन-आर्गॉनची, म्हणजे त्यात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याची.

या दोन पद्धतींचे निकाल फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले आणि माझ्या रंगपेट्या अडल्या. भूशास्त्रीय कालखंडांच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात क्रिटेशस (डायनासोरांचा शेवटचा काळ) हिरवा, त्यानंतरचा पॅलिओजीन केशरी. दोघांमधली हद्द, म्हणजे डायनासोरांच्या विलोपनाची वेळ, ट्युनिशियात एल केफ इथे ठरलेली आहे, इरिडियमवाल्या मातीच्या तळाशी, ६ कोटी ६० लाख वर्षांवर. आपल्या कातळात तशी माती नाही, वय काढूनच हद्द आणावी लागते. आर्गॉनवाल्यांच्या मते ती पोलादपूर आणि त्याच्या खालचं बुशे फॉर्मेशन यांच्या सांध्याजवळ, म्हणजे घाटाच्या तळाशी किंवा त्याहून खाली. झिरकॉनवाल्यांच्या हिशेबाने पोलादपूरचा मोठा उद्रेक विलोपनाच्या आधीचा, त्यामुळे हद्द वर आंबेनळीच्या बाजूला सरकते. एकाचं मानलं तर स्तंभ जवळपास पूर्ण केशरी, दुसऱ्याचं मानलं तर खालचा चांगला मोठा तुकडा हिरवा.

मला झिरकॉनचा युक्तिवाद जास्त पटतो, पण वादग्रस्त पट्ट्याला एकच रंग द्यायला हात धजत नाही. तिथे हिरव्या-केशरी तिरक्या रेघा मारल्या आहेत. दिसायला फार वाईट दिसतंय, घरच्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

पावसाळ्यात घाटात काम बंद, आणि नंतरही शेवाळं वाळेपर्यंत बोलच्या कडा दिसत नाहीत. तोवर वरच्या टप्प्याच्या फोटोंची उंची लावून घेतो. महाबळेश्वर फॉर्मेशनच्या आसपास चुंबकीय दिशा उलटीची सुलटी होते, ती रेघ दोन्ही स्तंभांना जोडायची आहे. वरंधा घाटातल्या लाल थरांचे, बाजूला पट्टी धरून काढलेले फोटो कुणाकडे असतील तर जागेच्या उंचीसकट द्या.