ऐरोलीच्या खाडीत पांढरे पडलेले रोहित

मावशी साताऱ्याहून चार दिवस राहायला आली, तेव्हा तिने आल्या आल्याच सांगून टाकले, "अरे, तुमच्या खाडीत रोहित, म्हणजे ते फ्लेमिंगो, येतात म्हणे. मला ते नावेत बसून बघायचेत." त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल पकडली, ऐरोलीला उतरलो आणि रिक्षाने तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रावर पोहोचलो. बोटीला पुरेसे पाणी हवे असते, म्हणून इथल्या फेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटी पाहून ठरतात. आमच्या फेरीला अवकाश होता, तेव्हा आधी तिवरांमधल्या लाकडी वाटेवर फिरून घेतले.

त्या वाटेवर दाट सावली होती. मी कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे माप हाताने लावायच्या पद्धतीवर, ठेवून आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर एफ ६.३ आणि शटर १/५०० सेकंद असे, सेन्सरवर किती प्रकाश पडावा आणि तो किती टिपला जावा हे ठरवणारे माप लावले. तिवरांची चिखलातून वर आलेली टोकदार श्वसनमुळे आणि त्यांच्यामधून तिरके पळणारे खेकडे या मापावर उत्तम आले. मग बोटीची हाक आली आणि आम्ही धावत जेट्टीवर गेलो.

ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. हे सगळे मावशीला सांगायचे मी ठरवले होते, पण ऐरोलीचा पूल नजरेच्या टप्प्यात असताना समोर चिखलाच्या पट्ट्यावर रोहितांची रांग दिसली आणि बोलणेच थांबले. गर्द लाल, काळपट चोचीचे धाकटे रोहित आणि त्यांच्यात मधूनमधून उंच, फिकट अंगाचे थोरले रोहित, सगळे मान खाली घालून चिखल गाळत होते. मावशी हात जोडून बसली होती. मी फोटो काढत राहिलो, आणि सावलीतले माप उघड्या पाण्यावरच्या उन्हातही तसेच राहिले. तिथे शटर १/२००० च्या आसपास हवे होते, म्हणजे सेन्सरवर गरजेच्या चौपट प्रकाश पडत होता. उन्हात मागचा पडदा नीट दिसत नव्हता आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहायला मी थांबलो नाही.

रात्री नौपाड्यातल्या घरी फोटो संगणकावर उघडले, तेव्हा पाणी, आकाश आणि पक्षी एकाच पांढऱ्या रंगात बुडालेले होते. मावशीने चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि हळूच विचारले, "यातले काहीच नाही का रे येणार?"

बरेच काही आले. बहुतेक फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलींत, होते. माझ्या कॅमेऱ्याची रॉ फाइल १४ बिटांची, म्हणजे प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्यांची असते, तर जेपेग या नेहमीच्या, आटोपशीर फाइलीत त्या २५६ च उरतात. शिवाय जेपेग तयार होताना कापला जाणारा उजेडाकडचा काही तपशील रॉमध्ये शिल्लक असतो. डार्कटेबल या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, म्हणजे उजेड एक चतुर्थांशावर, ओढले आणि आधी पाण्यावरच्या लाटा परतल्या, मग चिखलातली पावलांची नक्षी, मग मावशीच्या फिकट निळ्या साडीचे काठ.

पक्ष्यांपाशी मात्र मला फार जपून काम करावे लागले. सेन्सरमध्ये सहसा हिरवा रंग सर्वांत आधी भरून जातो, म्हणजे मोजता येण्याची कमाल गाठतो. पुढे व्हाइट बॅलन्स साधताना, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंग जुळवताना, तांबडा आणि निळा वाढवले जातात, हिरवा तिथेच अडलेला राहतो, आणि जळालेल्या पांढऱ्यावर जांभळट गुलाबी छटा चढते. दुसऱ्या कुठल्याही फोटोत ही छटा लगेच खटकली असती. इथे ती रोहिताच्या पाठीवर इतकी शोभत होती की पहिला फोटो मी तसाच ठेवणार होतो. पण रोहिताचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातल्या कॅरोटिनॉइडांमधून येतो. तो पंखांच्या मुडपीत गडद असतो आणि पाठीकडे विरळ होत जातो, तर या फोटोत तो सगळीकडे सारखा सारवलेला होता. म्हणून प्रत्येक फोटोत तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहिले. जिथे हिरवा शाबूत होता, तिथला गुलाबी खरा मानला. जिथे एखादाच रंग भरला होता, तिथे उरलेल्या दोन रंगांच्या आधाराने हायलाइट रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे जळालेला भाग अंदाजाने पुन्हा भरणारे साधन, वापरले. तिन्ही भरले होते, तिथे पांढरे ठेवले. पक्ष्याच्या अंगावर नसलेला रंग मी लावणे मला मान्य नव्हते.

फेरीच्या शेवटी थवा उडाला, तेव्हा फोटो सलग निघावेत म्हणून मी रॉ बंद करून फक्त जेपेग ठेवले होते. त्या फोटोंतून काहीच परतले नाही. उजेड कमी केला की पांढऱ्याचा राखाडी होई, पिसे काही दिसत नसत. उडताना उघडलेल्या पंखांचा लाल-काळा पसारा आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिला, तेवढाच.

मावशीला सात फोटो छापून दिले. त्यांतल्या एकात मधल्या थोरल्या रोहिताच्या पाठीवर रुपयाएवढा कोरा ठिपका राहिला आहे. तिने नेमका तोच देवघराशेजारी लावायला निवडला, कारण त्याच फोटोत पक्ष्याची बाकदार चोच चिखलातून नुकतीच वर आली आहे आणि तिच्या टोकावरून पाण्याचा थेंब सुटताना दिसतो.